हुशार पोराला दहा गणितं जादा देऊ नका

दर जूनला आठवीच्या वर्गात पन्नास-पंचावन्न नवी पोरं येतात, आजूबाजूच्या सात-आठ गावांतल्या झेडपीच्या शाळांतनं, आणि त्यात दोन-तीन तरी अशी असतातच की आपण जे शिकवतोय ते त्यांना आधीच येतंय किंवा एकदा सांगितलं की येतंय. मी तासगावच्या बाजूला माध्यमिक शाळेत गणित शिकवते, एकवीस वर्षं झाली. या दोन-तीन पोरांचं काय करायचं हे मला बीएडला कुणी शिकवलं नव्हतं आणि नंतरच्या ट्रेनिंगमध्ये पण फारसं कधी निघालं नाही. मागं पडलेल्यांसाठी उपचारात्मक तास असतो, त्याचं रजिस्टर असतं, साहेब आले की ते रजिस्टर बघतात. तो तास पाहिजेच, त्याबद्दल दुमत नाही. पण पुढं गेलेल्या पोराचं रजिस्टर आजपर्यंत मला कुणी मागितलेलं नाही.

आधी माझी चूक सांगते कारण ती बहुतेक शाळांत चालू असणार. माझ्या वर्गात एक मुलगी होती, सरावसंच आम्ही सुरू करेपर्यंत तिचा संपलेला असायचा. मी तिला काय दिलं, तर वह्या तपासायला दिल्या, फळ्यावर उत्तरं लिहायला लावली, मागच्या बाकावरच्या चार मुलींना शिकवायला बसवलं आणि तरी वेळ उरला की "अजून दहा सोडव" म्हणून तसलीच दहा गणितं दिली. मला वाटायचं मी तिला जबाबदारी देतेय. दहावी झाल्यावर पेढे घेऊन आली तेव्हा बोलता बोलता सहज म्हणाली, बाई आठवीत मी गणितात नवीन काय शिकले ते आठवतच नाही मला. तक्रार म्हणून नाही बोलली, पण मला ते अजून टोचतं. एक अख्खं वर्ष ती पोरगी माझ्या वर्गात बसून माझं काम करत होती.

दुसऱ्याला शिकवल्याने आपलं पक्कं होतं हे खरंय, आठवड्यातनं एखादा तास चालेल. रोज नको. आणि तसलीच दहा गणितं जादा देणं म्हणजे लवकर काम उरकल्याची शिक्षाच झाली ना, पोरं शहाणी असतात, महिन्याभरात हळू लिहायला शिकतात.

ओळखायचं कसं

सातवीचे मार्क बघा पण त्यावर थांबू नका. मार्कात पहिल्या आलेल्यांत काही खरोखर खोल डोक्याची असतात आणि काही फक्त नीटनेटकी, कष्टाळू, पाठ करणारी असतात, त्यांचंही कौतुक आहेच पण त्यांची गरज वेगळी. उलट ज्याला आपण "डोकं आहे पण बसत नाही", "आगाऊ आहे" म्हणतो त्यातलं एखादं पोर खरं भुकेलेलं असतं. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब. अक्षर कोंबडीचे पाय. गृहपाठ अर्धवट, पण आपण फळ्यावर चुकलो की पहिला आवाज त्याचा. "बाई पण असं का?" हे जो तीनदा विचारतो त्याच्यावर वैतागायच्या आधी त्याचं नाव वहीच्या मागं लिहून ठेवा.

अमेरिकेतले जोसेफ रेन्झुली म्हणून शिक्षणतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९७८ मध्ये तीन वर्तुळांची कल्पना मांडली. सरासरीपेक्षा वरची क्षमता, नवं सुचणं, आणि हातात घेतलेलं तडीला नेण्याची चिकाटी, ही तीन वर्तुळं जिथं एकमेकांवर येतात तिथं प्रतिभावान वागणं दिसतं असं त्यांचं म्हणणं. मला यातलं "वागणं" महत्त्वाचं वाटतं. म्हणजे हे कपाळावर लिहिलेलं नसतं, संधी मिळाली तर दिसतं, नाही मिळाली तर नाही दिसत. म्हणून ओळखायचं असेल तर आधी संधी द्यावी लागते.

मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक तास असा काढते. सगळ्या वर्गाला सांगते, चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, मोठीतनं लहान वजा करा, जे येईल त्याला परत तसंच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, येतात ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ ला परत करून बघा, ६१७४ च. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं, शेवटी इथंच येता. हे शोधलं देवळालीच्या एका शाळामास्तरांनी, द. रा. कापरेकर, त्यांच्या नावानेच जगभर हा स्थिरांक ओळखला जातो. शाळेत शिकवणारा माणूस होता हे पोरांना जरूर सांगा.

आता मजा ही की या तासाला मी शिकवत नाही, मी बघते. बहुतेक पोरं वजाबाक्या करतात, ६१७४ आलं की ओरडतात, खूश. पण दोघं-तिघं तिथं थांबत नाहीत. एक म्हणतो तीन अंकी घेतली तर? (४९५ येतं.) एकजण दोन अंकी करत बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की इथं थांबतच नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९, गोल गोल फिरतंय. गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात आवडलेला प्रश्न एका मुलीचा, जी सहामाहीत कधी पहिल्या दहात नव्हती, ती म्हणाली बाई प्रत्येक वजाबाकी नऊच्या पाढ्यात का येतेय. बास. ती माझ्या यादीत गेली.

यादीत कोण राहून जातं ते पण बघत जा. आठवीत आल्यावर मुली हात वर करायचं कमी करतात, येत असून. जतच्या बाजूची पोरं घरी कानडी बोलतात, मराठीत उत्तर दोन शब्दांत देतात आणि आपण समजतो याला येत नाही. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची पोरं हंगामापुरती येतात, कारखाना बंद झाला की गेली, त्यांची पूर्ण ओळख व्हायच्या आत. आणि अशीही पोरं असतात ज्यांना वाचायला-लिहायला खरोखर त्रास होतो, अक्षरं उलटसुलट होतात, पण तोंडी विचारलं तर थक्क करतील. अशा पोराला दोन्ही लागतं, अवघड काम पण आणि मदत पण. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्याची कागदपत्रं नववीतच सुरू करा, दहावीच्या डिसेंबरात पळापळ नको.

हे सगळं मी गणिताचं सांगतेय कारण माझा विषय तो. पण डोकं फक्त गणितात नसतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळांच्या धोरणात चार क्षेत्रं धरलीत, बौद्धिक, सर्जनशील, सामाजिक-भावनिक आणि शारीरिक. आपल्याला यासाठी लांब जायला नको. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, टोकियो ऑलिंपिकला तिरंदाजीत खेळला, त्याला खेळाकडं वळवलं झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींनी, मग पुढं क्रीडा प्रबोधिनी. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. कुणीतरी वेळेवर बघितलं म्हणून.

मग वर्गात द्यायचं काय

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६९ मध्ये खास अशा मुलांसाठी प्रशाला काढली, निवडून घेतात. आपल्याकडं तसं नाही, आपल्या वर्गात सगळे एकत्र आणि तास ३५ मिनिटांचा. म्हणून मी जे करते ते या ३५ मिनिटांत बसेल असंच आहे.

प्रकरण सुरू करायच्या आदल्या दिवशी त्याच प्रकरणावरचे पाच अवघड प्रश्न निवडायचे, सरावसंचांतले नाहीतर संकीर्ण प्रश्नसंग्रहातले, आणि यादीतल्या पोरांना (आणि ज्याला हौस असेल त्याला, दार सगळ्यांना उघडं ठेवा) सोडवायला द्यायचे. पाचपैकी चार नीट आले तर त्या पोराला त्या प्रकरणाचे सरावसंच माफ. खरंच माफ. गृहपाठात पण माफ. इथं शिक्षक कचरतात, "वही अपूर्ण राहील", तर मी वहीत तारीख टाकून लिहिते, पूर्वचाचणी ५ पैकी ४, सराव सूट, पर्यायी काम दिलं, सही. मुख्याध्यापकांना आधी दाखवून ठेवलंय, आजवर कुणी हरकत घेतली नाही. नवी संकल्पना शिकवायच्या तासाला ते पोर वर्गासोबतच बसतं, सरावाच्या तासाला त्याचं वेगळं काम. चाचणी मात्र सगळ्यांसोबत द्यायचीच, म्हणजे कुठं पोकळी राहिली असेल तर कळते. दोन वेळा असं झालंय की पोराला पद्धत येत होती पण कारण येत नव्हतं, मग परत बसवलं.

आता वेगळं काम म्हणजे काय. पुढच्या इयत्तेचं पुस्तक देऊन टाकणं सगळ्यात सोपं, मी पण करायचे, पण त्याने काय होतं, नववीत ते पोर परत रिकामं. पुढं पळवण्यापेक्षा खाली खणायला द्या. आमच्या तासगावात बेदाण्याचे सौदे चालतात, पोरांच्या घरात शेड आहेत, त्यावरनं मी एक प्रश्न केलाय जो दरवर्षी वापरते.

तुमच्याकडं बेदाण्याची पाकिटं दोनच मापांची आहेत, ५ किलो आणि ८ किलो. पाकीट फोडायचं नाही. गिऱ्हाईक पूर्ण किलोत कितीही मागेल. कुठलं वजन तुम्ही देऊ शकत नाही? आणि देऊ न शकणारं सगळ्यात मोठं वजन कुठलं?

एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. गेल्या वर्षी ज्या पोराला दिलं तो आधी म्हणाला असं सगळ्यात मोठं नसणारच, मोठं मोठं घेत जा, काहीतरी अडणारच. दुसऱ्या दिवशी एक लांबच लांब यादी घेऊन आला, ५, ८, १०, १३, १५, १६, १८ असं करत. म्हणाला बाई, २७ येत नाही पण त्याच्यापुढं सगळं यायला लागलंय. मी विचारलं सगळं म्हणजे कुठंपर्यंत बघितलंस, तर म्हणाला साठपर्यंत. मग एकसष्टचं काय? तिथं तो गप्प. मी पण काही बोलले नाही आणि हे फार अवघड जातं बरं का, आपली सवय सांगून टाकायची. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून आला, २८, २९, ३०, ३१, ३२ ही ओळीनं पाच येतात ना बाई, मग प्रत्येकात एक पाचचं पाकीट टाकलं की पुढची पाच आली, परत टाकलं की त्याच्यापुढची पाच, म्हणजे संपतच नाही. आठवीतल्या पोराने सिद्धता केली होती, त्याला तो शब्दही माहीत नव्हता. मग मी विचारलं ५ आणि ८ च्या जागी ६ आणि ९ असते तर, आणि तो परत गेला. (तीनने भाग न जाणारं कुठलंच वजन येत नाही, म्हणून सगळ्यात मोठं असं काही उरतच नाही. हे त्याला स्वतःला सापडू द्या.)

असा एक प्रश्न पंधरा दिवस पुरतो. वर्षाला दहा-बारा लागतात, त्यापेक्षा जास्त नाही, म्हणजे "आम्हाला एवढं तयार करायला वेळ कुठाय" हे फारसं टिकत नाही. मराठीच्या सरांनी गावातल्या ओव्या, म्हणी, शेतीचे शब्द म्हाताऱ्या बायकांकडनं गोळा करायला दिले होते एका मुलीला, तिने गावकोश करायला घेतला. इतिहासाला गावातले वीरगळ आहेत, शिलालेख आहेत. विज्ञानाला तर रानच आहे. अट एकच, काम असं पाहिजे की ज्याचं उत्तर गाईडात नाही.

आणि त्या कामाला मार्क देऊ नका. बोला त्यावर. आठवड्यातनं दहा मिनिटं, मधल्या सुट्टीत, उभ्या उभ्या चालेल.

इंग्रजीची भिंत

हे मला वेगळं सांगायचंय कारण आमची मराठी माध्यमाची कितीतरी पोरं इथंच अडकतात. आयओक्यूएम म्हणजे गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा, पेपर इंग्रजी-हिंदीत. पोराला गणित येत असतं पण "रिमेंडर" म्हणजे बाकी, "डिजिट" म्हणजे अंक, "कॉन्सिक्युटिव्ह" म्हणजे क्रमागत, "ॲट लीस्ट" म्हणजे किमान, "डिस्टिंक्ट" म्हणजे वेगवेगळे हे माहीत नसतं, आणि "जीसीडी" म्हणजे आपला मसावि हे कळल्यावर एका पोराचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणाला हे तर मला सहावीपासून येतंय.

उपाय साधा आहे. बालभारतीची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तेच पुस्तक, तेच प्रकरण, तीच गणितं, फक्त इंग्रजीत. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून रोज एक पान वाचायचं. मागच्या पानावर शब्दांची जोडी लिहायची. आठवीत सुरू केलं तर नववीच्या दिवाळीपर्यंत दीड-दोनशे शब्द होतात आणि गणिताला त्यापेक्षा जास्त लागतच नाहीत. अकरावी सायन्सला जाऊन रडण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

परीक्षा कुठल्या, आणि कशासाठी

एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या पोरांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, सगळ्यात आधी, कारण यात घरात पैसे येतात. आठवीत परीक्षा, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के (एससी-एसटीला ५०), शाळा सरकारी, झेडपी-पालिकेची किंवा अनुदानित. दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न ९० मिनिटं. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पोरं मिळवतात आणि मग घालवतात, ते कसं ते ऐका. दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, ते राहतं. दहावीत ६० टक्के लागतात (एससी-एसटीला ५५). आणि अकरावीला पोरगं विनाअनुदानित खाजगी कॉलेजात घातलं की शिष्यवृत्ती थांबते, हे पालकांना ॲडमिशनच्या आधी सांगा, नंतर सांगून काय उपयोग. मराठा-कुणबी गटातली जी पोरं पास होतात पण निवड यादीत येत नाहीत त्यांच्यासाठी सारथी या सरकारी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६००. हे पण बऱ्याच शाळांत सांगितलंच जात नाही.

होमी भाभा बालवैज्ञानिक सहावीला आणि नववीला, मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ घेतं, मराठीतनं देता येते. मला ती आवडते कारण लेखी झाल्यावर प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत, म्हणजे नुसतं पाठांतर पुरत नाही. नववीच्या पोराला बसवा, पुढच्या फेरीत जाऊ दे न जाऊ दे.

आयओक्यूएम आठवीपासून देता येते, साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, तीन तास, ३० प्रश्न, १०० मार्क, प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली एक संख्या, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. ही परीक्षा खरोखर अवघड आहे. आठवीत ३० पैकी ४ आले तरी मी पेढे देते आणि ते पोराला आधी सांगून ठेवते. जुने पेपर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवर फुकट आहेत, वर्षभर त्यातला आठवड्याला एक प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कुणीही सोडवा.

इन्स्पायर अवॉर्ड मानक ही पोरांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्राची योजना, तिला शाळेला पाच कल्पना पाठवता येतात, निवड झाली तर पोराच्या खात्यात १०,००० रुपये. कृपा करून यूट्यूबवरचं मॉडेल पाठवू नका. आमच्या एका मुलीने घरात बघितलं होतं की हळद पोत्यात भरताना एक माणूस नुसता पोत्याचं तोंड धरून उभा लागतो, आणि तो माणूस म्हणजे तीच, तर तिने पोत्याचं तोंड उघडं धरणारा स्टँड कागदावर काढला. मापं तिची, अडचण तिची, म्हणून कुणी काहीही विचारलं तरी तिला सांगता येत होतं.

नवोदय फक्त सहावीला असते असं बऱ्याच जणांना वाटतं. रिकाम्या जागांवर नववीला आणि अकरावीला पण प्रवेश असतो, आपल्या सांगली जिल्ह्याचं पलूसला, साताऱ्याचं खावलीला. साताऱ्याच्या सैनिक शाळेत (देशातली पहिली, १९६१ ची) पण सहावीसोबत नववीला प्रवेश आहे. घरी अभ्यासाला जागाच नाही अशा पोरासाठी हे बघाच. एनटीएसचं (राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचं) मात्र कुणी पैसे घेऊन कोचिंग देत असेल तर पैसे देऊ नका, ती परीक्षा २०२१ नंतर झालेलीच नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या इयत्ता मधेमधे बदलतात, त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच फॉर्म भरा.

आणि सगळ्या परीक्षा एकाच पोराला नका देऊ. वर्षाला दोन, फार तर तीन. मी असं पोर बघितलंय जे वर्षभर फक्त ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोल काळे करत होतं, बैलासारखं जुंपलेलं, शाळेचं नाव पेपरात यावं म्हणून.

एकटेपण

वर्गात पन्नास पोरं असून हे पोर एकटं असतं. ज्या गोष्टीने त्याला झोप लागत नाही त्यावर बोलायला कुणी नाही. आम्ही चार शाळांतल्या पाच-सहा शिक्षकांनी मिळून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, तालुक्याच्या गावात एका शाळेच्या वाचनालयात पोरं बसवायला सुरुवात केली. प्रत्येक शाळेतनं तीन-चार. एक प्रश्न फळ्यावर, दोन तास, डबे सोबत, शिक्षकांनी कमी बोलायचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी गणित मंडळं, विज्ञान मंडळं करा असं लिहिलेलं आहे, परवानगीच्या अर्जात त्याचा उल्लेख करा, काम लवकर होतं. मुलींचा येण्या-जाण्याचा प्रश्न येतो, तर अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा शाळेचा पास मोफत असतो, या वाढीव फेरीला तो चालतो का ते डेपोत आधी विचारून घ्या, नाही चालला तर तिकिटाचे पैसे आम्ही शिक्षक काढतो, फार होत नाहीत. सुटायची वेळ मात्र बसच्या वेळेवरच ठरवा आणि घरच्यांना पहिल्या वेळी सोबत बोलवा, आई एकदा येऊन बघून गेली की परत विचारत नाही.

पहिल्याच शनिवारी आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा घरी जाताना गप्प होता. कवठ्याच्या बाजूच्या एका मुलीने त्याच्या आधी दोनदा उत्तर काढलं होतं. पुढच्या महिन्यात तो सगळ्यात आधी येऊन बसला होता.

हे लवकर व्हायला पाहिजे. ज्या पोराला चौदा वर्षं कधीच काही अडलं नाही त्याला अडणं म्हणजे काय हेच माहीत नसतं, मग अकरावीत पहिल्यांदा अडलं की त्याला वाटतं आपलं डोकंच संपलं. ४० पैकी ३८ पडले म्हणून रडणारी पोरगी मी दरवर्षी बघते. तिला "एवढे चांगले तर आहेत" म्हणून समजावून काही होत नाही. तिला असं काम द्या जे पंधरा दिवस येणारच नाही, आणि त्या पंधरा दिवसांत तुम्ही तिच्याशी रोज तसंच हसून बोला. "हुशार आहेस गं" हे मी आता म्हणत नाही, "ती यादी कशी लावलीस ते परत दाखव" म्हणते.

घरच्यांशी बोलताना

आई-वडिलांना शाळेत बोलावून "तुमचा मुलगा फार हुशार आहे" एवढंच सांगितलं तर घरी जाऊन काय होतं, डॉक्टर करायचा ठरतं आणि त्याचं क्रिकेट बंद होतं. मी शक्यतो घरी जाते. द्राक्षाच्या छाटणीत, विरळणीत घरात माणूस लागतं हे मला कळतं, मी पण त्यातलीच आहे, म्हणून "कामाला लावू नका" असं मी म्हणत नाही, कुणी ऐकणार पण नाही. मी एवढंच मागते की संध्याकाळचा एक तास त्या पोराचा, त्या तासात पाणी धर, दूध घालून ये, धाकट्याला बघ काही नाही. मुलीच्या घरी हे तीनदा सांगावं लागतं. आणि एक गोष्ट नक्की सांगते, भावंडांसमोर तुलना करू नका, "बघ तिचं डोकं बघ", याने दोन्ही पोरं जातात.

वडिलांना फी परवडत नाही हे ते स्वतः सांगत नाहीत. तुम्ही विचारा. आपल्या भागाला कर्मवीर अण्णांचा वारसा आहे, १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि कमवा आणि शिका यातनं किती घरं वर आली ते इथल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. वसतिगृहं आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, पण फॉर्म भरायला कुणीतरी सोबत बसावं लागतं, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं आधार लिंक, जातीचा दाखला, त्यात महिना जातो. आठवीच्या जुलैतच एक फाइल करून सगळ्याच्या झेरॉक्स टाकून ठेवा.

दहावीनंतर

बहुतेक शाळा इथं हात झटकतात, निकाल लागला, बोर्डावर फोटो लागला. पण पोर जास्तीत जास्त गळतं ते अकरावीत. नवीन गाव, कॉट बेसिस, सगळं इंग्रजीत, वर्गात ऐंशी पोरं आणि सगळीच आपापल्या शाळेतली पहिली. मी आता दहावीच्या मे महिन्यात प्रत्येक अशा पोरासाठी एक पान लिहिते, पुढच्या कॉलेजातल्या गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांच्या नावे. मार्क त्यात लिहीत नाही, ते गुणपत्रिकेवर आहेतच. काय काय सोडवलंय, कुठला प्रश्न किती दिवस धरून बसला होता, इंग्रजी किती कळतं, कशाला घाबरतं, घरी काय परिस्थिती, कुणाचा फोन लागतो. ते पान पोराला आणि पालकांना वाचून दाखवते, त्यांना नको असलेलं खोडते, आणि पोराच्याच हातात देते. काही कॉलेजांत ते पान कुणी वाचलं नाही. काही ठिकाणी त्या सरांनी स्वतः फोन केला. आणि अकरावीची दिवाळीची सुट्टी लागली की मी प्रत्येकाला घरी जाऊन भेटते किंवा फोन करते, पोराचा नंबर बदललेला असतो म्हणून आईचा नंबर पण लिहून ठेवायचा.